मार्थाबाईंचे उत्तर

सोमवार, ३ फेब्रुवारी

डॉमनिकचा अहवाल परिशिष्टांसह वाचून संपवला. उत्तर ध्रुवाजवळ, इनुइट लोकांच्या प्रदेशात लोखंडाची खाण. पैसा घालणारी मंडळी आखाती, म्हणून पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाची जुळवाजुळव आमच्याच टॉवरमध्ये राहणाऱ्या या वसईकराकडे. माझे काम मर्यादित: प्रत्येक निष्कर्षामागे पुरावा आहे का, ते पाहणे. पुण्यात जन्मभर तर्कशास्त्र शिकवले, त्याचा इथे एवढा उपयोग.

प्रकरण सहा सदोष. ‘परिणाम नगण्य.’ कशाच्या तुलनेत नगण्य?

डॉमनिकचा फोन. “मॅडम, तुम्ही तर कॉमाची पण उलटतपासणी घेता!” म्हटले, स्वल्पविराम खोटी साक्ष देत नाहीत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून. तो बराच वेळ हसला. दिवसभरात घरात आवाज झाला तो तेवढाच. चि. निखिल शारजाच्या ट्रॅफिकमध्ये, सौ. केतकीला उशीर.

बुधवार, ५ फेब्रु.

कळीचा मुद्दा जहाजांचा. वसंतात तिथला समुद्र गोठलेलाच असतो. कंपनीला तेव्हाही बर्फ फोडून खनिज न्यायचे आहे. गावकरी शिकारीला पलीकडच्या किनाऱ्यावर जातात ते त्याच बर्फावरून. दोघांची वाट एकमेकींना छेदते.

गावातल्या सुनावणीचे इतिवृत्त वाचले. मार्था नावाच्या वृद्ध बाई, त्या बर्फाच्या जाणत्या. सकाळच्या सत्रात अध्यक्षांनी त्यांना तीनदा विचारले: वसंतात जहाजे गेलेली चालतील का? तिन्ही वेळा नोंद एकच. ‘उत्तर नाही.’

शास्त्र याबाबत स्पष्ट आहे. सभेपुढे तीनदा मांडूनही जो गप्प राहतो, त्याचा पक्ष तिथेच पडतो. निग्रहस्थान, म्हणजे वादात हरण्याची जागा. अहवालाला जोडायच्या माझ्या टिपणात लिहिले: ‘जहाजमार्गास आक्षेप नोंदलेला नाही. विरोध गृहीत धरण्यास आधार नाही.’ वाक्य पुन्हा तपासले. निर्दोष.

डॉमनिक खूश. “यल्ला मॅडम, चला! क्लायंटला हेच पाहिजे होतं.”

शनिवार, ८ फेब्रु.

मुले अल ऐनला मित्रांकडे गेली. “आई, येतेस का?” हे निखिलने बूट घालता घालता विचारले. म्हणून नको म्हटले. नात ईरा कानात फोनचे यंत्र घालून उभी होती. “बाय आजी” म्हणाली, बहुधा मला.

तळ्याकाठी दोन फेऱ्या. धुके. एक गृहस्थ मांजरांना खायला घालत होते, त्यांच्याशी हवामानावर एकमत झाले.

मतभेद व्हायला कोणी नाही, ही अडचण. हे होते तोवर पूर्वपक्ष घरातच होता. चहात आले किती, यावरसुद्धा…

सोमवार, १० फेब्रु.

इतिवृत्तात विसंगती. दुपारच्या सत्रात अध्यक्ष मार्थाबाईंना विचारतात, थोडे थांबायचे का? नोंद: ‘उत्तर नाही.’ लगेच पुढच्या ओळीत दुभाषी: ‘नको म्हणतात.’

जी बाई बोललीच नाही, ती नको कशी म्हणाली? दोन्ही नोंदी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. असल्या, तर ‘उत्तर’ या शब्दाखाली आपण काय मोजतो आहोत, तेच चुकते आहे.

डॉमनिककडे सुनावणीचे चित्रीकरण मागितले. “मॅडम, आता कशाला? खलास झालंय ते.” तरी पाठवले. स्वभावाने बरा आहे.

मंगळवार, ११ फेब्रु.

चित्रीकरण पाहिले. व्यायामशाळेसारखा हॉल, दुमडत्या खुर्च्या. मार्थाबाई माझ्याच वयाच्या. जाड चष्मा, फुलाफुलांचा कोट, हात मांडीवर.

पहिला प्रश्न. त्या नाक आक्रसतात, नाकावर सुरकुत्या पडतात. दुसरा प्रश्न. पुन्हा तेच, थोडे ठळक. तिसऱ्या वेळी अध्यक्षांकडे सरळ बघत नाक तसेच धरून ठेवतात, आणि अध्यक्ष पुढच्या नावाकडे वळतात. लिहिणारा कारकून या सगळ्यात खाली मान घालून लिहितो आहे.

ईराला दाखवले. “आजी, मे बी समवन्स सॉक्स?” आणि गेली.

इतिवृत्ताखाली दुभाषीचा पत्ता होता. तिला लिहिले.

गुरुवार, १३ फेब्रु.

संध्याकाळी सहाला दुभाषीचा व्हिडिओ कॉल, तिच्याकडे सकाळ. तरुण, चटपटीत बाई. मार्थाबाईंची भाची लागते. माझा प्रश्न ऐकून तिने आधी भुवया उंचावल्या, मग स्वतःच हसली. “हे आमचं हो. आणि हे” (नाक आक्रसून) “नाही. आमची मुलं बोलायच्या आधी हे शिकतात.”

मग इतिवृत्तात का नाही?

“सकाळच्या सत्राला मी हॉलमध्ये नव्हते. हवा वाईट, विमान उतरलंच नाही. दुसऱ्या गावातून फोनवर भाषांतर केलं. फोनला नाक दिसत नाही ना. दुपारी पोचले.”

तिसऱ्यांदा विचारल्यावर तरी त्या शब्दांत का नाही बोलल्या?

“अहो, तीनदा नाही म्हणाली की! घरी येऊन मला विचारत होती, त्या माणसाला दिसत नाही का.”

म्हणजे माझे वाक्य निर्दोष आहे आणि असत्य आहे. हा नियम मी वर्गावर्गांतून शिकवला. सभेत सगळे एकाच रीतीने उत्तर देतात, हे त्याचे गृहीतक. ते कधी फळ्यावर लिहिल्याचे आठवत नाही.

शुक्रवार, १४ फेब्रु.

डॉमनिकच्या ऑफिसात. अर्धा दिवस, माणसे निघण्याच्या घाईत. टिपण मागे घेते म्हटले.

“मॅडम, तुम्हीच लिहिलंत गप्प म्हणजे कबूल. आता तुम्हीच पलटी मारता?”

“पलटी नव्हे. स्वमताचे खंडन.”

“क्लायंटला काय सांगू? आमच्या मॅडमनी नाक बघितलं?”

“हो. तेच सांगायचे.”

हसला नाही. दार लावून म्हणाला, हे काम गेले तर पुढचे मिळणार नाही. ऑफिसातल्या पोरांचे व्हिसा त्याच्या कंपनीवर आहेत. हे खोटे नाही. पण प्रस्तुत मुद्द्याशी त्याचा संबंध नाही. तसे म्हटले. म्हणायला नको होते असे नाही. आवाज मात्र वर्गातला लागला.

शनिवार, १५ फेब्रु.

मला पाहायची इच्छा मार्थाबाईंनी भाचीकरवी कळवली होती. सहाला कॉल, भाची शेजारी. आम्ही दोघींनी आधी एकमेकींना नीट पाहून घेतले. त्यांनी काहीतरी विचारले. भाची: “विचारते, तुमच्याकडे बर्फ कुठे असतो?” फ्रीजमध्ये, म्हटले. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

मग प्रश्न नीट मांडला. नाक आक्रसले. कारण विचारले, तर या वेळी बोलल्या, सावकाश. जहाज गेले की फोडलेले बर्फ पुन्हा गोठते, पण ओबडधोबड; वरून हिम पडले की खालची फट दिसत नाही. त्यांचा मुलगा वसंतात त्याच बाजूने जातो. इतर कोणतीही वाट लांबची, आणि त्या दिवसांत इंधन अर्ध्यावर संपते.

हे सारे कोणीही विचारले असते, तर सकाळच्या सत्रात मिळाले असते.

निघताना भाचीकरवी विचारले, “घरी कोण कोण आहे?” सगळे आहेत, म्हटले.

रविवार, १६ फेब्रु.

नवे टिपण पूर्ण. जहाजमार्गास स्पष्ट विरोध, कारणांसह. शिवाय पद्धतीविषयी: ‘उत्तर नाही’ ही नोंद रद्द करावी. दुभाषी खोलीत हजर असावा, नसेल तर सुनावणी पुढे ढकलावी. ज्याचे म्हणणे आहे, त्याला ते त्याच्या भाषेत परत ऐकवावे. त्याशिवाय त्यावर निष्कर्ष उभारू नये.

जेवताना निखिलला सांगितले. “आई, कुठलं कुठे ते. तू कशाला टेन्शन घेतेस? डॉमनिक बरा माणूस आहे, त्याला दुखवू नकोस.” केतकी म्हणाली, भाजी छान झाली. ती तिनेच मागवली होती.

सोमवार, १७ फेब्रु.

डॉमनिकचा निरोप: क्लायंट नवे टिपण घेणार नाही. अहवाल जुन्या टिपणासह उद्या रात्री खाणीला परवानगी देणाऱ्या तिकडच्या मंडळाकडे जाणार. मुदत परवाची. “सॉरी मॅडम. पुढच्या वेळी इन्शाल्ला.”

मंडळ कोणाचेही म्हणणे थेट घेते. पत्ता अहवालातच आहे. मी मात्र डॉमनिकला लेखी दिले आहे की कामाबद्दल बाहेर परस्पर काही कळवणार नाही. पाठवले, तर त्याचे काम जाईल, आणि या शहरात मला फोन करणारा एकमेव माणूसही. न पाठवले, तर मार्थाबाईंचा नकार माझ्या सहीनिशी होकार म्हणून दाखल होतो.

दोन्ही बाजू मांडल्या. निर्णयाला त्याने मदत झाली नाही.

मंगळवार, १८ फेब्रु.

न सांगता पाठवणे म्हणजे पाठीमागून वार. संध्याकाळी लिफ्टने त्याच्या मजल्यावर गेले. दार त्याच्या बायकोने, जेसिंताने उघडले. “या, या, मावशी! आज रस्ता चुकलात की काय?” घरात फोडणीचा वास, टीव्ही, मुलांचे भांडण. नको म्हणायच्या आत ताट मांडले. माझ्यासाठी वेगळे, बिनमासळीचे, वाटाण्याची उसळ. कोणी समोर बसवून वाढून बऱ्याच दिवसांत…

डॉमनिक समोर बसला. मुलांच्या शाळेचे, लिफ्टच्या दुरुस्तीचे बोलला. मुद्दा काढेना. तेव्हा मीच काढला: “अहवाल आज नवे टिपण जोडून पाठवा. नाहीतर उद्या सकाळी मी ते मंडळाकडे पाठवीन, माझ्या नावाने. तुम्हाला आधी सांगते आहे.”

जेसिंताचा हात पातेल्यावरच राहिला. कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

डॉमनिकने ताट जवळ ओढले. भातावर आमटी घेतली, कालवली, पण घास उचलला नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. राग असेल, सुटका वाटली असेल, नुसता थकलाही असेल. आपल्या माणसाचा चेहरा आपल्याला वाचता येतो, हे आजवर तपासून पाहिले नव्हते.

“मावशी, भात घ्या ना अजून,” जेसिंता म्हणाली.

घेतला.