भाचीला मी लष्करी अकॅडमीत कसं पाठवलं

३ मार्च २०२४, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलंय, त्याची नोंद राहायला हवी.

जेवताना ब्रिनने जाहीर केलं की बारावीनंतर तिला लष्करी अकॅडमीत जायचंय. चार वर्षं शिक्षण, मग थेट अधिकारी. जोलीनचा चमचा हवेतच थांबला. जोलीन माझी धाकटी बहीण, ब्रिन तिची एकुलती एक. ब्रिनच्या बापाने शेजारच्या आयोवा राज्यात दुसरा संसार थाटलाय, तेव्हा घरात कर्ता पुरुष मीच. (मी तळघरात राहतो. तात्पुरता. २०१३ पासून.)

ब्रिन माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, तू आर्मीत होतास ना, मला सांगशील कसं करायचं ते?" सहा वर्षांची असताना माझी आर्मीची टोपी घालून ती अख्ख्या गल्लीत सॅल्यूट मारत फिरायची. पोरीची पारख तेव्हापासूनची.

मी चौदा महिने होतो. पायांनी दगा दिला नसता तर आज निदान कर्नल असतो. खातं लाँड्री होतं, पण मळक्या कपड्यांत कुठलं सैन्य लढलंय?

संकल्प : रोज पहाटे पाचला दोघांनी धावायचं. बिअर बंद (शनिवार सोडून).

५ मार्च, मंगळवार
पाचला गजर झाला. बाहेर बर्फ. मार्गदर्शकाने आपली ताकद राखून ठेवावी असा निर्णय घेतला. ब्रिन एकटीच चार मैल धावून आली. ती एकटी जाते का, तेच मला बघायचं होतं. पास.

१९ मार्च, मंगळवार
अकॅडमी दर भागात एक स्वयंसेवक नेमते, अर्ज करणाऱ्या मुलांना वाट दाखवायला. आमच्या भागात ओडेट स्ट्रान्स्की. निवृत्त लेफ्टनंट कर्नल. तेवीस वर्षं नोकरी, दोन युद्धं. आता मधमाश्या पाळतात. आज घरी आल्या.

मला विचारलं, कुठल्या युनिटला होतात? मी म्हटलं, ते गोपनीय आहे. जोलीन किचनमधून ओरडली, "लाँड्री!" हिला सुरक्षा म्हणजे काय ते कधी कळायचंच नाही.

बाईंनी ब्रिनला समोर बसवून तीन गोष्टी सांगितल्या. शिफारस लागते, ती आपल्या भागातून निवडून आलेल्या काँग्रेसमनकडे माग आणि राज्याच्या दोन्ही सिनेटरांकडेही माग. निबंध स्वतःच्या शब्दांत लिही. काही अडलं तर लगेच फोन कर. यात नवीन काय आहे? हे मी सांगणारच होतो.

जाताना ईमेल पत्ता मागितला. मी माझा दिला. सगळा पत्रव्यवहार एका खिडकीतून झालेला बरा.

१४ एप्रिल, रविवार
कर्नलबाईंच्या चार मेल. सगळ्यांत "ब्रिनला कळवा". मी पोस्टमन आहे का? योग्य वेळी योग्य ते कळवीन.

ब्रिनने विचारलं, बाईंचं काही आलं का? म्हटलं, त्या बिझी आहेत, मधमाश्यांचा सीझन आहे. मग म्हणाली, मीच फोन करू का? मी समजावलं की फौजेत वरिष्ठांना असा उठसूट फोन करत नाहीत. तिने मान डोलावली. शिस्त आहे पोरीत.

११ जुलै, गुरुवार
शारीरिक चाचणीत एक विचित्र प्रकार असतो. गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल लांब फेकायचा. ब्रिनचा मनगटाचा कोन चुकत होता म्हणून अंगणात प्रात्यक्षिक दिलं. माझा चेंडू अकरा फूट गेला. वारा होता. त्यानंतर मला उठता येईना.

१५ जुलै, सोमवार
पाठ अजून धरलेली. ब्रिन रोज शेकायची पिशवी गरम करून आणते, माझ्या पाठीखाली सरकवते आणि अंगणात जाऊन सराव करते. खिडकीतून बघतो. आज त्रेपन्न फूट. माझा कोन उपयोगी पडला.

बिअर औषध म्हणून सुरू केली आहे.

८ सप्टेंबर, रविवार
आज ठरवलं : अर्ज फक्त काँग्रेसमनकडे. सिनेटरांकडे नाही. फौजेत निष्ठा बघतात. तीन जणांपुढे हात पसरणारी पोरगी कोणाला आवडेल?

ब्रिन म्हणाली, "पण मामा, शाळेतल्या काउन्सिलर तर तिघांकडे कर म्हणतात. कर्नलबाईपण म्हणाल्या होत्या." मी विचारलं, काउन्सिलरबाई किती वर्षं आर्मीत होत्या? आणि कर्नलबाईंनी त्यानंतर तुझी साधी चौकशी तरी केली का?

लॅपटॉपवर दोन फॉर्म अर्धेअधिक भरलेले होते. ते तिने बंद केले. म्हणाली, "तू म्हणतोस तर."

(बाईंच्या मेल आता सत्तावीस झाल्यात. काय चिकाटी!)

१५ ऑक्टोबर, मंगळवार
ब्रिनने निबंध दाखवला. बाबा घर सोडून गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती, थंडीत घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली, आईला रडू आलं, मग हिने पुस्तक वाचून भट्टी उघडली आणि सुरू केली. बस. एवढंच. ना संघर्ष, ना थरार. वाचणारा झोपेल.

चौदाव्या वर्षी तिची छाती भरली होती, दहा दिवस खोकत होती. त्यात दम आहे. मी त्याचा तीन वर्षांचा दमा केला. "प्रत्येक श्वासासाठी झुंजलेली मुलगी." शेवटचा परिच्छेद लिहिताना माझेच डोळे भरून आले.

ब्रिन व्हॉलीबॉलच्या मॅचला गेली होती. अर्जाचा पासवर्ड मीच बनवलेला, त्यामुळे अडचण आली नाही. मुदतीला वीस मिनिटं असताना नवा निबंध चढवला. तिला सांगितलं नाही. सरप्राइज.

२३ नोव्हेंबर, शनिवार
मुलाखत. काँग्रेसमनच्या कमिटीचे पाच लोक. माझ्याच ट्रकमधून नेलं. मला बाहेर बसवलं, हे खटकलं.

पंचवीस मिनिटांत बाहेर आली. चाळीस मैल मागे पडले. मग रस्त्याकडे बघत सांगायला लागली. कमिटीत एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, एवढा दमा असताना मैल कसा पळतेस? ही म्हणाली, मला दमा नाही, सर. मग हे काय लिहिलंय? म्हणून त्यांनी कागद पुढे केला. हिने पहिल्यांदाच वाचला. अख्खा. पाच जणांसमोर. मग म्हणाली, हे खरं नाही. कोणी लिहिलं? तर म्हणाली, "माझ्या नावाने आलंय, सर. जबाबदारी माझी."

मी कपाळाला हात लावला. अगं, दोनदा खोकली असतीस तर काय बिघडलं असतं? मामाने एवढं रान तयार करून दिलं होतं!

ती म्हणाली, "मामा, तू गाडी चालव."

शिकवलेलं ऐन वेळी विसरते. हा दोष घालवायला हवा.

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार
काँग्रेसमनने दहा जणांची नावं पाठवली. ब्रिन नाही. शिफारस नाही म्हणजे अकॅडमी नाही. राजकारण, दुसरं काय.

संध्याकाळी कर्नलबाई दारात. जोलीनला विचारत होत्या की माझ्या एकाही मेलला उत्तर का नाही दिलंत, मला वाटलं पोरीने नाद सोडला. जोलीन खाली आली. माझा लॅपटॉप उघडाच होता. पायरीवर बसून तिने सगळ्या मेल वाचल्या, पहिलीपासून. एक्केचाळीस. शेवटची सप्टेंबरातली होती : "ब्रिन, हे मिळालं तर फक्त एकदा फोन कर. अजून वेळ गेलेली नाही."

जोलीन ओरडेल असं वाटलं होतं. तिने लॅपटॉप अलगद मिटला आणि वर गेली. ओरडली असती तर मला बाजू मांडता आली असती.

ब्रिन जिन्यावर उभी होती. म्हणाली, "तुला माहीत होतं ना मामा, मला हे किती हवं होतं?" मी समजावलं की नको ती माहिती तुझ्यापर्यंत पोचू नये म्हणून मी गाळणी लावली होती. ती म्हणाली, "बरं."

बरं म्हणाली म्हणजे पटलं.

६ सप्टेंबर, शनिवार
ब्रिन आता लिंकन शहरातल्या कॉलेजात. पुढच्या वर्षीसाठी पुन्हा अर्ज करतेय, तिघांकडेही. दर शनिवारी घरी येते आणि कर्नलबाई व्हॅन घेऊन तिला न्यायला येतात. मधाच्या बरण्या भरता भरता दोघी म्हणे मुलाखतीची तयारी करतात. माझं मार्गदर्शन आता अप्रत्यक्ष टप्प्यात आहे.

तिने सगळे पासवर्ड बदललेत. सुरक्षेचं भान. माझीच शिकवण.

९ फेब्रुवारी २०२६, सोमवार
झाली! ब्रिनची निवड झाली!!

फोन आला तेव्हा ती किचनमध्ये होती. जोलीनच्या गळ्यात पडली. मग कर्नलबाईंना फोन लावला, दोघी मिनिटभर नुसत्या रडत होत्या. मी जिन्यावर हात पुढे करून उभा राहिलो. बराच वेळ. शेवटी ब्रिन आली आणि हात मिळवून गेली. मिठी नाही. फौजी पद्धत. अंगात भिनलंय.

२१ फेब्रुवारी, शनिवार
या यशाचा फायदा गावाला व्हावा म्हणून लायब्ररीत टेबल मांडलं. पाटी : "अकॅडमी प्रवेश मार्गदर्शन, अनुभवी व्यक्तीकडून". चार तास बसलो. एक बाई आल्या. बाथरूम कुठे आहे विचारत होत्या.

गावात अजून जागृती नाही.

२७ जून, शनिवार
ब्रिन उद्या निघणार. विमानतळापर्यंत निरोप, तिथे माझं छोटं भाषण. चार पानं झालीत. युनिफॉर्म बाहेर काढला. शर्टाची बटणं श्वास रोखला की लागतात. पँट सेफ्टी पिनवर.

किती वाजता निघायचं ते जोलीनला विचारलं. ती भांडी घासत राहिली. वर जाऊन ब्रिनला विचारलं. बॅग भरत होती. उठली, माझ्याजवळ आली, माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "नऊला, मामा. आठपर्यंत निवांत झोप." दीड वर्षात इतकं मऊ बोलली नव्हती. शेवटी रक्ताचं नातं.

२८ जून, रविवार, सकाळी ८.२०
पोर्चवर. पूर्ण युनिफॉर्म. भाषण खिशात. घरात अजून सामसूम आहे, बायकांना आवरायला वेळ लागतोच.

८.५०
शेजारच्या मिसेस टेशनर कुत्र्याला फिरवत होत्या. म्हणाल्या, "अरे व्हर्लिन, हे काय घालून बसलायस? त्या कधीच गेल्या की, चारला. कर्नलबाईंच्या व्हॅनमधून. आम्ही सगळ्यांनी उठून टाटा केला."

विमानाची वेळ ऐन वेळी बदलली असणार. एअरलाइनवाले असंच करतात. मला उठवायला वेळच मिळाला नसेल.

९.१०
फ्रिजवर तिकिटाची छापील प्रत लावलेली आहे. सहा पंचावन्नचं विमान. बारा मे रोजी काढलेलं. वेळ बदललेली नाही.

कमिटीतल्या पाच जणांपुढे तिला एक खोटं बोलता आलं नव्हतं.

मला नऊ म्हणाली. कॉलर सरळ करता करता.