बाबांच्या टेबलाचे क्षेत्रफळ

३ मार्च

ती. ताईस,

कनिष्ठ बंधूचा, व्यवसायाने आरेखक व वृत्तीने एकांडा, शि. सा. न. वि. वि.

बाबांचे जेवणाचे टेबल आठ वीत लांब, सहा वीत रुंद. तुझ्या एका खोलीत ते अखंड मावणे अशक्य. म्हणून कर्णावर कापून एक त्रिकोण तुला, एक मला, असा निवाडा मी केला आहे. न्यायाधीश मीच, पक्षकारही मीच, अपील नाही.

तुला गोल टेबल हवे, हे ऐकले. हट्ट बालपणीचाच! आलेखकागदावर सिद्धता मांडली आहे. आरंभबिंदू तुझ्या खोलीच्या कोपऱ्यात. शिरोबिंदू (०, ०), (८, ०), (०, ६). क्षेत्रफळ चोवीस चौरस वीत. यात बसणारे सर्वांत मोठे वर्तुळ दोन त्रिज्येचे, म्हणजे जेमतेम साडेबारा. गोलाईच्या मोहापायी निम्मे लाकूड भुशाला अर्पण करावे काय? सुतार शुक्रवारी करवत घेऊन येत आहेत.

गुडघ्यांना जप. मी येणारच होतो, पण कामाचा डोंगर.

लोभाची बाकी काही कमी करू नये, ही विज्ञापना.

तुझा, धाकटा


६ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाले, पण सख्ख्या भावाचे पेपर तपासणे काही सुटत नाही. आकडेमोड बरोबर, उत्तर चूक. त्रिकोण आधी कापलास आणि वर्तुळ त्याच्या पोटात कोंबलेस. अरे, टेबल अजून अखंड आहे ना? त्यात तीन त्रिज्येचे वर्तुळ बसते. क्षेत्रफळ सव्वाअठ्ठावीस. तुझ्या चोवीसपेक्षा जास्त. खोली मी स्वतः मोजली आहे, सहा वीत व्यासाला जागा आहे.

आणि कोपऱ्याकडे तोंड करून जेवायला मी काय शिक्षा झालेली मुलगी आहे? वर्गात मी पोरांनाही पाच मिनिटांवर कधी तसे उभे केले नाही. तुझा अर्धा तुझ्या कोपऱ्यात, माझा माझ्या. भिंतीशी बोलत जेवायचे, तर गुडघ्यावर ताट घेऊनही जमते. गेली दोन वर्षे तेच करते आहे.

डोंगर तुझा तिथेच राहील, पळून जाणार नाही. माझ्याकडे खुर्ची एकच आहे.

वेड्या, माया आहे तशीच आहे.

ताई


१० मार्च

ती. ताईस,

अनुत्तीर्ण विद्यार्थ्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र आले तेव्हा सुतार कर्णावर पेन्सिलीची रेघ ओढून बसले होते. करवत थांबवली. त्यांचे म्हणणे पडले की टेबल कापण्यापूर्वी जेवणाऱ्यांना मोजायचे असते. हे त्यांच्या ध्यानात पहिल्याच दिवशी आले होते, परंतु साहेबांचे डोके कागदातून वर येईना. मी हा अवमान नम्रपणे गिळला.

माझा अर्धा हिस्सा वर्तुळात विसर्जित झाला आहे. रविवारी टेबल घेऊन टेम्पो येईल. पुढच्या सीटवर, मांडीवर एक खुर्ची धरून, प्रस्तुत आरेखक असेल.

नवा आराखडा सोबत जोडला आहे. आरंभबिंदू आता टेबलाच्या मध्यावर. तुझी खुर्ची (०, ३) वर, माझी (०, -३) वर. अंतर सहा वीत. गेल्या दोन वर्षांत आपल्यातले हे सर्वांत कमी अंतर असेल, ताई, तपासून घ्यावे.

तुझा, धाकटा