नसलेल्या पाणंदीवरून गेलेल्या जज्जसाहेबांस

प्रिय किसनराव,

तिकडं समदी बरी ना? आईचे गुडघे थांबले का दुखायचे? वडलांचा दमा? आणि माझ्या थोरल्या भावाला, आबाला भेटलास का? त्याला तोंड दाखवायची हिंमत झाली असेल तर कसा आहे ते विचार.

परवा तुझा दहावा. त्याआधी बोलून टाकावं म्हटलं.

पेपरात तुझी थोरवी छापून आली. बारामतीला वकील, इंदापूरला न्यायाधीश, मग जिल्हा, शेवटी हायकोर्ट. खुर्ची वर वर गेली खरी. कणा मात्र दर बदलीला मागंच राहिला, ते कुणी छापलं नाही.

निरवांगीच्या पाणंदीनं आपण मेंढरं नदीवर न्यायचो, आठवतं? तिथंच तुला विंचू चावला. आबानं खांद्यावर घालून घरी आणलं. पुढं ती पाणंद बागायतदारानं नांगरली, ऊस लावला, कुंपण घातलं. आबाचं रान पलीकडं अडकलं.

अपील तुझ्या कोर्टात आलं. आबा हरखला. "किसनानं बघितलीया की पाणंद."

आणि तू वरून विचारलंस, "वाट होती याला पुरावा काय?"

"सायेब, तुमचं पाय," आबा म्हणाला. कोर्ट हसलं. तू चष्मा पुसलास आणि वाट कधी नव्हतीच असा निकाल दिलास. ओळखीचं प्रकरण म्हणून दुसऱ्याकडं तरी धाडायचं होतंस. पण बागायतदाराचं वजन मुंबईपर्यंत, आणि तुला मुंबई गाठायची होती. एवढ्याशा खुर्चीपायी स्वतःचे पाय विकलेस रे?

आबाची तिरडी आम्ही ओढ्याच्या चिखलातून नेली. तुझ्या तिरडीसाठी मात्र बागायतदारानं स्वतः ऊस तोडला, कुंपण उचललं. "सायबांना आडवाटनं कसं न्ह्यायचं?" म्हणाला.

मला हसू आवरेना. आबाची सून कुजबुजली, "तात्या, लोक बघत्यात."

"बघू दे. पुरावा चाललाय."

संध्याकाळी कुंपण परत लागलं.

परवा पिंडाला कावळा शिवायचा नाही. कसा शिवेल? पोरं काय काय कबूल करतील, कमानीला नाव, शाळेत फोटो. मग मी पुढं होईन. हात जोडून, अख्ख्या गावासमोर सांगेन, "किसना, पाणंद उघडी राहील." तिथून उठून सुनेची बैलगाडी त्याच वाटेनं नेईन. परत कुंपण घालायचं तर आधी मला उचलावं लागेल. हा माझा शब्द.

तू फक्त कावळा धाड. बागायतदारही घाटावर असेल, त्याच्या देखत धाड. उत्तर लवकर दे. पुढची तारीख देऊ नकोस.

तुझा मेंढरांमागचा सोबती,
गेनू