शिडाचा दोर कोणी बांधला

मी, खाली सही करणारा, सागरी छात्र पथकाचा निवृत्त नौका-प्रशिक्षक, वय एकाहत्तर, उद्या सकाळी हृदयाच्या शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. पत्नीच्या मते डोके ठिकाणावर कधीच नव्हते. तिची हरकत नोंदवून घेतली आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीची. मेहुण्याने त्यात नाक खुपसू नये.

२. माझे पितळी होकायंत्र पथकाच्या भांडारपालाने "दोन दिवसांसाठी" नेले, त्याला अकरा वर्षे झाली. ज्याला ते परत मिळवता येईल, त्याचे ते.

३. माझी शिडाची होडी, वल्ह्यांसह, भाचीला. कारण लिहिणे भाग आहे. ती समोर बसली आहे.

बावीस वर्षांपूर्वी ती सोळाची होती, पथकातली सर्वांत तयार छात्रा. शिडाचा दोर हातातच धरायचा, बांधायचा नाही, म्हणजे वाऱ्याचा झोत आला की सोडता येतो. हे मी पहिल्याच दिवशी पोरांकडून घोकून घेत असे. त्या दिवशी सुकाणू तिच्याकडे होते, दोर माझ्याकडे. थर्मासमधला चहा ओतायला मी तो खुंटीला बांधला. झोत आला, होडी उलटली. सगळे वाचले, पण एका मुलाचा खांदा कायमचा अधू झाला.

चौकशीत कमांडरने विचारले, "दोर कोणी बांधला?" वरिष्ठाकडे बोट दाखवायचे नाही, हेही मीच शिकवले होते. तिने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या गाठींच्या तक्त्याकडे पाहत मूग गिळून बसलो. सुकाणू जिच्या हाती, जबाबदारी तिची, म्हणून पथकातून तिचे नाव कापले गेले. नौदलात जायचे तिचे तिथेच संपले. त्यानंतर नऊ वर्षे मी पोरांना शिस्त शिकवली. मला स्वतःची लाज वाटते.

दोर मी बांधला. हे कलम पथकाच्या मैदानावर, सर्व छात्रांसमोर मोठ्याने वाचावे.

पुरवणी: वरील मजकूर वाचून दाखवल्यावर वकिलांनी दोन साक्षीदार मागितले. शेजारचे शिंपी तयारच होते. भाची उठली.

"दुसरी सही मी करते."

"ताई, ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं," वकील म्हणाले. "सही केलीत तर होडी हातची जाईल."

"जाऊ दे. होडी नकोय मला. मामा, तुम्ही हे माझ्यासमोर लिहिलंत, त्याखाली माझी सही हवी."

सबब होडी पथकाला. कलम तीनमधील बाकी एकही शब्द बदलू नये.

स्थळ: आमचे जेवणाचे टेबल. दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपारी चार.

सही: नौका-प्रशिक्षक (निवृत्त)

साक्षीदार: शेजारचे शिंपी. सही समक्ष झाली.

साक्षीदार: भाची. सही समक्ष झाली. दोर बांधतानाही मी पाहिले होते.