ह्यांची फियाट

नेरूळ, १५ सप्टेंबर २०२५

चि. आशुतोष यास काकूचे अनेक आशीर्वाद.

शूटिंगवर फोन काढून घेतात, असे तुझी आई ऐरोलीहून म्हणाली, म्हणून पत्र. जग संपल्यानंतरचे वाळवंट म्हणे, आणि माणसे पाण्यासाठी मोटारींवरून मारामाऱ्या करतात. आमच्या सोसायटीत टँकर येतो त्या दिवशी कॅमेरा लावला असता, तर फुकटात झाले असते.

मुद्द्याचे. तू सिनेमासाठी नेलेली फियाट दसऱ्याच्या आत परत पाठव. झटक्यानंतर ह्यांची वाचा गेली ती गेलीच. पण रोज चारला वॉकर घेऊन गॅलरीत येतात, खालची रिकामी जागा पाहतात आणि खिशातली किल्ली काढून मला दाखवतात. सर्व्हिसिंगला दिली आहे, असे सांगते. दसऱ्याला मी गाडी लिंबांवरून पुढे घ्यायची आणि ह्यांनी समोर उभे राहून हाताने येऊ दे, येऊ दे करायचे, हे एकेचाळीस वर्षांत चुकलेले नाही. यंदा काय सांगू?

वाटेकडे डोळे लावून,
काकू

जैसलमेर, २२ सप्टेंबर

ती. सुनीतीकाकूस सा. न. वि. वि.

रागावण्याआधी पूर्ण वाच. गाडी परत येणार नाही. छप्पर कापले आहे, बॉनेटवर लोखंडी शिंगे बसवली आहेत. तीस तारखेला शेवटच्या पाठलागात ती पेटवणार. मी दिग्दर्शकांना दोनदा विचारले. आर्ट विभागातल्या सगळ्यात ज्युनियर माणसाचे कोण ऐकते? करारात दुसऱ्या पानावर तसे लिहिले होते. तू सही केलीस, मला वाटले तुला मान्य आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या तुला इंग्रजी मी काय समजावणार?

डॅशबोर्डवरचा गणपती मी काढून ठेवला आहे. काकांना नमस्कार. माया आटू देऊ नकोस.

तुझा,
आशुतोष

नेरूळ, ४ ऑक्टोबर

चि. आशुतोष, आशीर्वाद.

दोष तुझा नाही. इतके गचाळ इंग्रजी, की शाळेतल्या आमच्या सिस्टरांनी कागद फाडून टाकला असता. मी नाक मुरडले, पहिल्या पानावरच वाचणे सोडले आणि सही ठोकली. दुसरे पान वाचायला कमीपणा वाटला.

परवा दसऱ्याला हे सकाळपासून दाराशी. वॉचमन कृष्णातने धरून खाली नेले. तिथे खरे सांगून टाकायचे ठरवले होते. पण ह्यांनी त्याच्या आधाराने वाकून, जिथे चाके असायची तिथे, चार लिंबे ठेवली. बराच वेळ लागला. मग किल्ली माझ्या हातात दिली, दोन पावले मागे सरले आणि माझ्याकडे पाहत राहिले.

मी काय करणार होते? त्या रिकाम्या जागेत गेले आणि चारही लिंबे एकेक करून चपलेखाली चिरडली. वरच्या गॅलऱ्यांतून लोक बघत होते, बघोत. हे हात हलवत होते. येऊ दे, येऊ दे. मग पंजा उभा धरला. बस.

गणपती सांभाळून आण. इथे जागा झाडून ठेवली आहे.

तुझी,
काकू