एकोणतीस किलोज्यूल कमी भरल्याबाबत

प्रति,
मा. उपकुलसचिव, प्रबंध विभाग,
उपनगर विज्ञान संशोधन संस्था,
अंधेरी (पूर्व), मुंबई.

विषय : अर्जदाराच्या स्वतःच्या प्रबंधातील चुकीचा आकडा दुरुस्त करणे, ते न जमल्यास पदवी परत घेणे.
संदर्भ : आपली तीन नकारपत्रे व अर्जदाराच्या सात फेऱ्या.

महोदय,

१. अर्जदार डॉ. शर्मिष्ठा देवेश तांडेल, राहणार मुलुंड (पूर्व), हिने २०१९ साली आपल्या संस्थेतून पीएच.डी. मिळवली. लोखंडाच्या एका कार्बनी संयुगाची वाफ तापलेल्या काचनळीतून सोडायची, ती किती वेगाने फुटते ते मोजायचे आणि त्यावरून लोखंड व कार्बन यांच्यातला बंध किती बळकट ते काढायचे, एवढाच तिचा विषय. तो आकडा प्रबंधात एकोणतीस किलोज्यूलने कमी पडला आहे.

२. वाफ फुटली की लोखंडाचा काळा थर नळीला आतून बसतो आणि पुढची वाफ तो थरच फोडू लागतो. बंध आहे त्याहून कच्चा दिसतो. म्हणून दर प्रयोगानंतर नळी ॲसिडने धुवायची असते. शेवटच्या महिन्यांत अर्जदार गरोदर होती. प्रयोगशाळेचे परिचर कै. गुणाजी परब यांनी "बाय, ॲसिडाक हात लावू नको, मी बघतंय" म्हणत ते काम अंगावर घेतले. ते स्वतः आजारी होते, जिना चढताना त्यांना धाप लागे. ते पाहवेना, म्हणून "राहू द्या काका, आठवड्यातून एकदा धुवा" असे अर्जदारानेच सांगितले. वहीत अकरा प्रयोग आणि एक धुणे, अशी नोंद तिच्याच अक्षरात आहे.

३. आपल्याकडे नाव, जात, जन्मतारीख दुरुस्त होते. बंधाच्या बळकटीसाठी रकाना नाही. तक्रार आली तरच चौकशी होते. स्वतःविरुद्ध तक्रार घेतली जात नाही, कारण सुनावणीला दोन पक्ष लागतात. शेवटी लिपिकबाईंनी कळवळून सुचवले, "मॅडम, परबांची चूक दाखवा ना, ते तर गेले. कशाला स्वतःची वाट लावून घेता?" त्यांचा हेतू चांगला होता. अर्जदार तसे लिहिणार नाही.

४. ही उठाठेव आपल्याच संस्थेत पीएच.डी. करणाऱ्या कु. श्रुतिका म्हात्रे हिच्यासाठी आहे. तिने तेच संयुग तीन वर्षे मोजले, दर वेळी नळी धुतली. तिचा आकडा बरोबर आहे. परंतु तो अर्जदाराच्या छापील प्रबंधाशी जुळत नाही, म्हणून समितीने तिचे काम सदोष ठरवले असून शुक्रवारी अंतिम निर्णय आहे. अर्जदाराने तिला घरी बोलावून वही दाखवली व चूक कबूल केली. ती म्हणाली, "पण मॅडम, तुमच्या प्रबंधावर तर शिक्का आहे ना."

५. पदवीबरोबर नोकरीही जाईल, याची अर्जदारास भीती वाटते. तरीही शुक्रवारपूर्वी दुरुस्तीचे दोन ओळींचे पत्र समितीस द्यावे. काल श्रुतिकेचा फोन आला होता. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज मोकळा वाटला. तिने आपले आकडे खाली आणायला घेतले आहेत. एकोणतीसपैकी नऊ झाले, उरलेले शुक्रवारपर्यंत होतील, असे तिने कळवले.

आपली नम्र व आता फार दमलेली,
(सही)
शर्मिष्ठा तांडेल
मुलुंड, दि. ९ सप्टेंबर २०२५

सोबत : प्रयोगवहीच्या प्रती, पदवी प्रमाणपत्र (मूळ).