पायावरचा रोवणा

चांदा,
शनिवार, ता. ११ जून १९५५

प्रिय इंदुताईस,

तुझ्या प्रेमिलाचा नमस्कार. भाऊजींना नमस्कार आणि छोट्या राजम्माला दोन्ही गालांवर एकेक पापा. सिरोंच्याकडचा उकाडा कमी झाला का? इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

ताई, आधी माझी बातमी ऐक. काल मी मायक्रोस्कोपमधून स्वतःला पाहिलं! हसू नकोस. मेट्रनबाईंनी आम्हा नर्सिंगच्या पोरींना लाकडी काडीने गालाच्या आतून हलकेच खरवडायला लावलं. तो ओशट खरवडा काचेवर पसरला, वर निळा रंग टाकला आणि मी डोळा लावला. आत चपट्या, वेड्यावाकड्या चकत्या पसरलेल्या, आणि प्रत्येकीच्या मध्ये एक गडद ठिपका. मी ओरडलेच, "अवं माय, हे मी आहो!" सगळा वर्ग खिदळला. मेट्रनबाईंनी डोळे वटारले, पण हसू त्यांनाही आवरलं नाही.

याला एपिथेलियम म्हणतात, म्हणजे अंगाचं अस्तर. बाहेरून कातडी, आणि आतून तोंड, आतडी, श्वासनळी, सगळीकडे हे अस्तर असतंच. पण ते सगळीकडे सारखं नसतं, ही खरी मजा. फुप्फुसात जिथे हवा रक्ताला भेटते तिथे एकाच थराच्या पातळ पेशी, मासोळीच्या खवल्यांसारख्या चपट्या. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत चौकोनी, विटा रचल्यासारख्या. आतड्यात उंच, दाटीवाटीने उभ्या, खाल्लेल्यातलं सत्त्व ओढून घेणाऱ्या. श्वासनळीतल्या पेशींना तर वरून बारीक लव असते, ती सारखी हलत राहते आणि धूळ वर लोटते. बाबांच्या बिडीने त्या लवेचं काय होत असेल, देव जाणे. मूत्राशय भरलं की त्याचं अस्तर ताणून पातळ होतं, रिकामं झालं की पुन्हा जाड. हे सांगायला मेट्रनबाईंनी नेमकं माझ्या वर्गातल्या इतवारीला उभं केलं. ती बिचारी लाजून पदरच चावत बसली.

आणि कातडी! थरावर थर. सगळ्यात खालचा थर नव्या पेशी तयार करत राहतो, जुन्या वर ढकलल्या जातात, वाळतात आणि झडून जातात. म्हणजे घरातून निघताना तू मला कवटाळलंस, ती माझी कातडी केव्हाच झडून गेली. तुझं कवटाळणं मात्र मला अजून जाणवतं. हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मी पुस्तकात बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचली. जखम झाली की हे अस्तर कडेकडेने सरकत आत येतं. जखम लहान असेल तर चारी बाजूंच्या कडा एकमेकींना भेटतात आणि जखम झाकली जाते. फार मोठी असेल तर त्या पोचतच नाहीत. मधलं मांस उघडंच राहतं, सडतं.

फार मोठी म्हणजे केवढी? गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, ताई. बाबांचा डावा पाय.

मागच्या पत्रात मी 'मोहफुलं वेचताना बाबांना जरा खरचटलं' असं लिहिलं होतं. ते अस्वल होतं. बाबा आणि ते एकाच झाडाखाली आले, आणि उजेड पुरता फुटलेला नव्हता. लटारूकाकांनी खाटेवर घालून त्यांना रस्त्यापर्यंत आणलं, तिथून लाकडाच्या ट्रकने इथे. त्या दिवशी मी वार्डातच होते. कोण पेशंट आला म्हणून बघायला गेले तर माय रडत उभी. दोन दिवसांनी शुद्ध नीट आल्यावर बाबा पहिलं काय म्हणाले, सांगू? "इंदूले हे लिवू नको. उगी घाबरन."

तू बाबांच्या मनाविरुद्ध भाऊजींशी लग्न करून गेलीस तेव्हापासून तुझं नाव त्यांनी घरात घेऊ दिलं नव्हतं. आता स्वतःच घेतलं, आणि तेही अशा वेळी. म्हणून मी 'खरचटलं' एवढंच लिहिलं.

डॉक्टरसाहेब सुरुवातीला पाय कापायच्याच गोष्टी करत होते. मग जखम स्वच्छ होऊन लाल झाली, तेव्हा म्हणाले, एक उपाय करून बघू. मांडीवरच्या चांगल्या कातडीचे मसुरीएवढे तुकडे सुईने उचलायचे, जखमेवर अंतराअंतराने ठेवायचे. प्रत्येक तुकड्याच्या कडेने नवं अस्तर पसरेल आणि तुकडे एकमेकांना भेटतील. बाबा काही केल्या ऐकेनात. "धड मांडीले काऊन सोलता?" एकच धोशा. शेवटी मी म्हटलं, "बाबा, हा धानाचा रोवणा हाय. मांडीवरचे पऱ्हे उपटाचे अन् पायाच्या बांधीत लावाचे. फुटवे धरले का सारी बांधी भरून येते."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मंग असं सांगाव ना पोरी! कर म्हणा रोवणा!"

त्या दिवसापासून अख्खा वार्ड त्याला रोवणा म्हणतो. डॉक्टरसाहेबसुद्धा. रोवणा म्हणजे धानाची लावणी, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, बांधी म्हणजे खाचर, हे मेट्रनबाईंना मीच शिकवलं. मी किती मिरवले म्हणून सांगू!

मिरवणं फार टिकलं नाही. दोन दिवसांनी पट्टीला वास यायला लागला, चादर खालून ओली. बाबांना विचारलं तर शांतपणे म्हणाले, "मी पाणी देऊन राह्यलो न. रोवण्यात पाणी नाई बांधलं तं पऱ्हे जगतीन कसे? तुमी लोकं इसरूनच गेले होते." पांघरुणाखालून, प्यायच्या गिलासातून, माय डुलकी घेत असताना! आपल्याकडे रोवणा झाला की बांधीत पाणी हवंच, आणि इथे ते तुकडे कोरडे राहायला हवेत. डॉक्टरसाहेबांनी कपाळाला हात लावला. हसावं की रडावं तेच मला कळेना.

आज दुपारी पट्टी उघडणार आहेत. बरेचसे तुकडे धरले असतील तर पाय राहील. सगळे कुजले असतील आणि विष वर चढत असेल तर कापावा लागेल. म्हणून सकाळपासून तुला हे एपिथेलियमचं पुराण लावलं आहे. लेखणी थांबली की मी उठून वार्डाच्या दाराशी जाऊन येते. मेट्रनबाई बोलावताहेत. जाते.

संध्याकाळ

ताई, धरलं! धरलं! बाबांचा पाय राहिला!

थांब, नीट सांगते. पट्टी सोडली तेव्हा वासाने मायने तोंड फिरवलं. पट्टीबरोबर कितीतरी पांढरे पडलेले तुकडे सुटून आले. घोट्याकडचे तर सगळेच. मी ते तबकात झेलत मोजत होते, मग मोजणं सोडून दिलं.  डॉक्टरसाहेब मिठाच्या पाण्याने हळूहळू धूत वर गेले, गुडघ्याकडे, आणि मग मला म्हणाले, "इकडे ये. वाक. काय दिसतं?"

लालभडक मांसावर गुलाबी ठिपके, घट्ट बसलेले. आणि प्रत्येक ठिपक्याभोवती एक पातळ, निळसर, चकचकीत कड. काल पुस्तकात वाचलेली ती सरकणारी कड, माझ्या बापाच्या पायावर! दोन ठिपक्यांच्या कडा तर एकमेकींना टेकल्या होत्या. मी वार्डातच नाचले असते, पण तबक हातात होतं.

"किती जगले?" बाबांनी विचारलं.

"अर्ध्याच्या वर," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"मंग पीक येते," बाबा म्हणाले आणि उशीवर डोकं टेकवलं. माय रडत होती, मीही रडले. घोट्याकडे पुन्हा लावावं लागेल म्हणे. या वेळी बाबांच्या हाताशी गिलास ठेवायचा नाही, अशी सगळ्या वार्डाला ताकीद आहे.

आता खरी गोष्ट.

सगळे गेल्यावर बाबांनी मला जवळ बसवलं. घरच्या रोवण्याचं विचारायला लागले. लटारूकाकांनी पऱ्हे टाकले आहेत, एवढं मी सांगितलं. तुला आठवतं ना, आपल्या घरी पऱ्ह्यांची पहिली मूठ थोरल्या लेकीने लावायची? देवळाकडच्या बांधीत, मोहाच्या बाजूचा कोपरा? तू गेल्यापासून बाबा तो कोपरा रिकामाच सोडतात. मी एकदा लावायला गेले तर हातातली मूठ काढून घेतली. गावात कुणी विचारलं की सांगतात, तिथी पाणी धरत नाई. चांगली काळी माती, ताई, आणि पाणी धरत नाही!

 आज मात्र म्हणाले, "इंदूले पत्र लिवून राह्यली का?"

मी म्हटलं, "हो."

"तिच्या घरवाल्याले चिखल तुडवता येते का, विचार."

मी त्यांचं पांघरूण नीट करत बसले.  मग त्यांनी भिंतीकडे कूस केली आणि म्हणाले,

"अन् तिले लिव, त्या कोपऱ्यात आता पाणी धरते."

शब्दाला शब्द लिहिलं आहे, ताई. पऱ्हे वीतभर होतील तोवर पोच. भाऊजींना आण, राजम्माला आण. यंदा त्या कोपऱ्यात दुसऱ्या कुणाला मी पाय ठेवू देणार नाही.

तुझ्या मुठीसाठी कोपरा राखून बसलेली,
तुझी
प्रेमिला